स्वयंपाक इथे, पान नोएडात

दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गुणवंतरावांइतका अबोल माणूस दुसरा नसेल. लग्न केलं नाही, साधं मांजरही पाळलं नाही. जेवायला बोलावलं तर ‘बघतो’ म्हणतात आणि येत नाहीत. मला याचा भारी राग यायचा. मग एकदा पाणी गेलं म्हणून बादली भरायला आले, चहाला बसले आणि आपणहून ही हकीकत सांगून गेले. तेव्हापासून माझा राग निवला.

त्यांचं खातं नकाशे बनवणारं. माणसं सगळी नोएडाच्या नव्या इमारतीत गेली. सर्व्हर मात्र इथल्या जुन्या ऑफिसात राहिला आणि तो सांभाळायला एकटे गुणवंतराव. नकाशांचा प्रोग्राम चालायचा या सर्व्हरवर, पण त्याची विंडो उघडायची नोएडातल्या माणसाच्या स्क्रीनवर. स्वयंपाक एका घरात आणि पान दुसऱ्या घरात, तसं. अशा वेळी आचाऱ्याला कोण ओळखतं?

आचारी मात्र सगळ्यांना ओळखत होता. तिकडे कोणी विंडो उघडली की यांना इथे नाव दिसायचं. त्रिपाठी रोज उशिरा येतात. विनया म्हणून कोणी मराठी मुलगी आहे, ती सगळ्यांच्या आधी येते आणि जेवणाच्या सुट्टीतही तिचं काम थांबत नाही. ती रजेवर गेली की गुणवंतरावांना चुकल्या चुकल्यासारखं व्हायचं. तिचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

यंदा हुकूम आला, काम नव्या मशीनवर गेलंय, जुना सर्व्हर बंद करा. गुणवंतरावांनी सगळ्यांच्या स्क्रीनवर एक छोटी विंडो पाठवली. सर्व्हर आज संध्याकाळी बंद होईल, काम सेव्ह करा, आणि खाली ‘ठीक’चं बटण. एक ओळ त्यांनी पदरची घातली. काही विचारायचं असेल तर फोन करा. पुढे स्वतःचं नाव आणि नंबर.

आणि फोनपाशी बसले. कोणी ‘ठीक’ दाबलं की तिकडची विंडो मिटायची, इथलं नाव जायचं. नावं भराभर गेली. फोन काही वाजला नाही. संध्याकाळी एकच विंडो उरली, विनयाची. ती वाचत असेल, काहीतरी विचारेल, या आशेवर हे बसून राहिले. शेवटी न राहवून त्यांनीच नोएडाला फोन लावला. गार्डने उचलला. म्हणाला, मॅडम तर दुपारीच निघाल्या, स्क्रीन तशीच चालू आहे.

आता सर्व्हर बंद केला असता तर तिने न वाचलेली ती निरोपाची विंडोही गेली असती आणि सकाळी तिला काहीच दिसलं नसतं. जन्मभर नियमाने वागलेला हा माणूस, सर्व्हर चालू ठेवून घरी आला.

“सकाळी फोन आला,” गुणवंतराव म्हणाले. “आधी हिंदीत बोलली. मी मराठी आहे कळल्यावर म्हणाली, अच्छा, तिथे कोणी बसतं का, सर? मला वाटलं, नुसतं मशीनच आहे.”

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

त्यांनी कप खाली ठेवला. “म्हटलं, बिल्कुल बरोबर, मशीनच आहे. फक्त दुपारी वेळेवर जेवत जा. आणि बंद केला सर्व्हर.”