शिट्टी अन् सोयरीक

आमच्या गल्लीत भरदुपारी घरफोड्या होऊ लागल्या अन् मला काम लागलं. नांदेडच्या मोंढ्यात पोती उचलून गुडघे गेले, तवापासून दिवसभर ओट्यावर बसून राहतो. बायको म्हणती, घरात एक धोंडा होता, तो बाहेर ठिवला.

पोलीस ठाण्याच्या जमादारानं समाजमंदिरात बैठक घेतली. गल्लीची राखण गल्लीनंच करायची, पोलीस मागं हायेत, म्हणला. दिवसा रिकामं कोण हाय, असं इचारलं तं सगळ्यायनी माझ्याकडं बोट केलं. जन्मात पहिल्यांदा बिनविरोध निवडून आलो.

जमादारानं माझ्या गळ्यात शिट्टी अडकवली. "मामा, चोर आधी चौकशीला येतो. घर कुणाचं, माणसं किती, कवा जातेत, कवा येतेत. असं कुणी इचारलं की शिट्टी मारा अन् मला फोन लावा."

"हाव साहेब."

दोन दिवसांनी समोरची बाई आली. तिची पोरगी दवाखान्यात नर्स हाय. वय चाललंय, दोन सोयरिकी मोडल्यात. बाई म्हणली, "भाऊ, लातूरचं स्थळ आलंय. ऐतवारी पोरगी पाहायला येतेत. त्याच्या आधी कुणी गुपचूप चौकशीला आलं तं चार शब्द चांगले सांगा. अन् मस्करी नका करू, पाया पडते."

"हाव बाई."

झाले दोन कामं. दोन्हीकडं माणूस एकच सवाल करतो, हे माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई.

एका दुपारी दोघं फटफटीवर आले. एकाला काळा चष्मा, दुसरा वयस्कर, पांढऱ्या कपड्यात. समोरच्या घरापुढं गाडी हळू केली, पुढं गेले, परत आले. माझ्यापाशी थांबले.

"मामा, हे घर कुणाचं?"

सांगितलं.

"माणसं किती?"

"आई, बाप अन् पोरगी."

"पोरगी कामाला कवा जाती, कवा येती?"

माझा हात शिट्टीकडं गेला. तेवढ्यात चष्मेवाला म्हणतो, "बरं, सोनंनाणं काही बाळगून हायेत का?"

पुढचे दात न्हाईत मला. शिट्टी फुंकली तं पहिल्या दणक्याला नुसती थुंकी उडाली, पांढऱ्या कपड्यावर. दुसऱ्याला वाजली. अन् गल्ली अशी धावली म्हणता! कुणाजवळ बॅट, कुणाजवळ झाडणी. एकानं गाडीची किल्ली काढली, एकानं चष्मेवाल्याची गचांडी धरली. मी जमादाराला फोन लावला, तो येईपर्यंत सोडलं न्हाई.

"अहो, सोयरिकीच्या चौकशीला आलाव आम्ही!" वयस्कर माणूस ओरडला. "मी नवरदेवाचा चुलता हाय!"

गचांडी सुटली. सगळ्यात पुढं उलथनं घेऊन समोरची बाईच उभी होती. तिनं ते पदराखाली घेतलं.

जमादारानं हात जोडले. बाईनं पाणी आणलं. पाव्हणे प्याले न्हाईत. गाडीला किक मारली अन् गेले.

जमादार हळूच म्हणला, "मामा, माणूस तं पाहायचा."

"साहेब, तुम्ही सांगितलेले सवालच केले की त्यायनी."

त्यानं डोकं खाजवलं. "हाव. ते बी खरंच हाय."

ऐतवारी बाईनं तरी पाव्हण्यायसाठी मुरमुरे भिजवून, फोडणी देऊन सुशीला केला. फोन लावला तं तिकडून कुणी उचलत नव्हतं, पण येतीलबी म्हणली. मी शिट्टी खुंटीला टांगली. मला पाहून पाव्हणे वळून जातील म्हणून ओट्यावर बी बसलो न्हाई. दाराच्या फटीतून रस्ता पाहत बसलो, माझ्याच घरात चोरावाणी. गल्लीतल्या बायकाबी तोंड लपवून आत बसलेल्या. एवढी सामसूम, की त्या दिवशी चोर आला असता तं निवांत भरून नेलं असतं.

चोर आला न्हाई. पाव्हणेबी न्हाई.

ऊन उतरल्यावर बाई ताटली घेऊन आली. "घ्या भाऊ. पाव्हण्यायचं हाय." ताटली हातात देऊन मागं फिरली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. सुशीला गार होऊन चिवट झालता. सगळा खाल्ला. टाकावा कसा?

मंग पोरगी निघाली ड्युटीला. नवी साडी बदलून रोजचे कपडे घातलते, केसातला गजरा तेवढा काढायचा राहिलता.

"काका, आई पडलीय जरा. घराकडं ध्यान ठिवा."

"हाव," म्हणलो. अन् शिट्टी न घेताच ओट्यावर जाऊन बसलो.