साहेबांच्या हातचा नारळ

"नारळ तूच फोड ना रे! इथी पोरीले हळद लागून राह्यली!"

आमच्या सिमेंट कारखान्याचे साहेब फोनवर असे ओरडले, की पार कोरपन्यापर्यंत कापसाची बोंडं अवेळी फुटली.

दुरुस्तीनंतर भट्टी पेटवायची तर नारळ साहेबांच्याच हातचा, हा नियम त्यांचाच. माझ्या पोरीच्या बारशाला मला पाळण्याजवळून कामावर बोलावताना ते म्हणाले होते, "बारसं बायका करतात." ते वाक्य मी तेव्हापासून दाताखाली धरून होतो. म्हणून तर आज सुटी असून मुद्दाम कामावर गेलो.

"हळद बायका लावतात, साहेब. तुम्ही या," मी गोडीत म्हणालो.

आले. पिवळ्याजर्द तोंडानं नारळ असा आपटला, की ताडोब्यातले वाघ दचकले असतील.

घरी येऊन बायकोला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ताट वाढत ती म्हणाली, "आज आपल्या पोरीचा वाढदिवस होता."