मुलींच्या टॉयलेटचा ठराव

मी सोलापुरातल्या ज्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते, तिथे सगळं मतदानाने ठरतं. पंखा किती जोरात, चहा कुणाकडून मागवायचा, सगळंच. माढ्याचा एक जण सर्वांत जुना. त्याला सगळे कलेक्टर म्हणतात. पद अजून मिळायचंय, रुबाब आधीच आलाय.

एकदा त्याने ठराव मांडला. “मुलांच्या टॉयलेटला रांग लागती. मुलींचं रिकामंच असतंय. आजपासून दोन्ही सगळ्यांना खुली. हात वर करा.”

मुलं तीसेक, आम्ही तिघी. हात मोजावेच लागले नाहीत.

“बहुमत हाय, ताई,” तो मला म्हणाला.

मी नुसती मान डोलावली. माझी शाळा इंग्रजी. चारचौघांत मराठी बोलायचं तर मी आधी मनात वाक्य जुळवते, तोवर सभा संपलेली असते.

दोन दिवसांत त्या टॉयलेटचं काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आम्ही पाणी पिणं सोडलं, तेही सोलापूरच्या एप्रिलमध्ये. दुपारी डोकं ठणकायचं आणि घटनेची कलमं एकमेकांत मिसळायची. शेवटी मैत्रीण म्हणाली, “मी फक्त उद्या येईन, मग नाही. घरच्यांना कारणच हवंय, लगेच स्थळं बघतील.”

मी वाक्य जुळवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन उभी राहिले.

“माझा ठराव आहे. दोन्ही टॉयलेट रोज कलेक्टरांनी एकट्याने धुवायची. हात वर करा.”

करमाळ्याच्या एकाचा हात वर गेला, मग सगळ्यांचे. काहींनी दोन्ही हात वर केले.

“आरं, असं कुटं असतंय व्हय!” कलेक्टर उसळला.

“बहुमत हाय की, साहेब!”

“म्हणून काय बी ठरवणार? एकट्या माणसाला काय हक्क हाय का न्हाय?”

“आहे,” मी म्हणाले. “आम्हा तिघींनाही आहे.”

मग त्याने दोन्ही ठराव रद्द केले, मुलींच्या टॉयलेटला कुलूप आणून त्याची किल्ली आमच्या हातात दिली आणि ज्यांनी दोन्ही हात वर केले होते त्यांना टॉयलेट धुवायला पाठवलं. ते धुऊन होईपर्यंत आम्ही तिघींनी पाण्याच्या बाटल्या संपवल्या.

नंतर त्याने अल्पसंख्याकांच्या हक्कांवर भाषण सुरू केलं. काही गोष्टी मतदानाला ठेवायच्याच नसतात, असा त्याचा मुद्दा होता आणि मुलं तो वहीत उतरवून घेत होती. पुढचं ऐकायला आम्ही थांबलो नाही. घाई होती.