व्हॅन आत्यानेच दुरुस्त केली

अन्याय झाला तो वत्सलाआत्यावर, तिच्या बाराव्याला, सकाळी साडेदहा वाजता, दांडी गावातल्या आमच्याच अंगणात. गावातल्या एका मोठ्या माणसाने उभं राहून सांगितलं, की वत्सलाबाईंनी मासळी विकणाऱ्या बायकांसाठी व्हॅन घेतली आणि त्यांच्या भावाने ती जिद्दीने चालती ठेवली. भाऊ म्हणजे माझे बाबा. बाबा मान खाली घालून गप्प बसले. मीही गप्प बसले. एरवी पत्रकं वाटत बोईसरभर ओरडणारी मी… म्हणून आज लिहिते आहे. माझ्या बाबांना त्या व्हॅनचं इंजिन कुठे असतं हेसुद्धा माहीत नाही. ते अजून पुढे बॉनेट शोधतात. इंजिन सीटखाली आहे.

आत्या सातवी शिकलेली. गावातल्या आठ बायका आणि त्यांची मासळी घेऊन ती रोज स्वतः व्हॅन चालवत बोईसरच्या बाजारात जायची. मागच्या हंगामात गाडीत इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने एक सेन्सर बदलला. चार दिवसांत दिवा परत हजर. आता तो म्हणाला, "इंजन खोलना पड़ेगा, आठ दिन गाड़ी छोड़ दो." आठ दिवस व्हॅन नाही म्हणजे आठ घरांची मासळी दारात येणाऱ्या दलालाच्या ताब्यात, तो म्हणेल त्या भावाने. त्याच्यापासून सुटायलाच तर व्हॅन घेतलेली! आत्याने टेबलावरची किल्ली उचलली. "मीच बघते," म्हणाली. तो हसला, "मौसी, ये मच्छी काटना नहीं है." आत्या दारातून म्हणाली, "बरोबर. मच्छी काटायला अक्कल लागते."

तिने काडेपेटीएवढं कोड-रीडर मागवलं. स्टीअरिंगखालच्या खाचेत ते बसवलं की दिवा कशामुळे लागला त्याचा नंबर मोबाईलवर दिसतो. पहिल्या दिवशी तिने नंबर पाहिला आणि पुसून टाकला. दिवा गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी बाजाराच्या वाटेवर दिवा पुन्हा डोळे वटारून! "पुसला म्हंजे बरा झाला असं नाय," ती म्हणाली. नंबर त्याच सेन्सरचा होता, आणि सेन्सर तर नवा. मग बिघाड सेन्सरपर्यंतच्या वायरीत असणार. अंगणात सीट उचलून ती वायरवर बोटं फिरवत गेली, एका जोडापाशी थांबली, तो उघडला. आतल्या पिना हिरव्या पडलेल्या, कडेला पांढरी पूड. तिने चिमूट जिभेला लावली आणि थुंकली.

"खाडी हाय ही," ती म्हणाली.

होडी धुवावी तशी ती व्हॅन रोज खाडीच्या खाऱ्या पाण्याने धुवायची. होडीला चालतं, मग गाडीला का नाही? तिने पिना घासल्या, पुसल्या, वाळवल्या, जोड बसवला. दिवा परत आला नाही. बाजार एक दिवसही चुकला नाही.

तोवर मी गॅरेजवाल्याविरुद्ध पत्रक लिहून काढलं होतं. तिने ते वाचलं. "झ्याक हाय. पन मीठ मी घातलं, ते कुठं लिवलंस?"

"आत्या, त्याने तुला फसवलं!"

"त्यानं वायर बघितली नाय, हा त्याचा गुन्हा. खारं पानी माझा. दोनी लिव, नायतर फाड."

मी फाडलं. तिने मात्र दुसऱ्या दिवशी आठही बायकांना अंगणात बोलावून आपली चूक सांगितली आणि प्रत्येकीच्या हातून रीडर लावून नंबर वाचून घेतला. स्वतःची चूक इतक्या उघडपणे सांगणारा पुढारी मी आजवर एकाही मोर्चात पाहिलेला नाही. ती माझी आत्या होती, हे मी छाती फुगवून सांगते.

ताप आला आणि आठवड्यात ती गेली. व्हॅन आता त्या आठजणींतली, शेजारची हिराकाकी चालवते. परवा दिवा लागला तर तिने गाडी कडेला घेतली, नंबर वाचला, पेट्रोलच्या टाकीचं सैल झाकण आवळलं आणि बाजार गाठला.

बाराव्याच्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "तुम्ही बोलला का नाही?"

"लोक चांगलं बोलत होते गं…"

चांगलं बोलत होते! इतक्या सोप्या रीतीने बाईचं काम पुरुषाच्या नावावर चढतं. वाचकहो, तुमच्या घरातही चढलं असेल. पुढच्या वेळी कुणी तिच्या कामासाठी तुमची पाठ थोपटली, तर तिथल्या तिथे उभे राहा आणि सांगा: हे मी केलेलं नाही, तिने केलंय. ती ऐकू शकते तोवर सांगा.