पाण्यातली हजेरी

'आपण कुठले?' असं कोणी नुसतं विचारलं तरी मी सावध होतो. हा प्रश्न तीन पायऱ्यांचा असतो. 'पुण्याचा' म्हटलं की दुसरी पायरी येते, 'तसं नव्हे, मूळचे?' तिथेही दाद दिली नाही की तिसरी, आडनाव. विचारणाऱ्याला हवं असतं ते हेच. आधीचं सगळं म्हणजे दारात चपला काढण्यापुरतं.

नोकरी नवी होती तेव्हा शनिवार पेठेत एक खोली बघायला गेलो होतो. मालकांनी चहा विचारला, पगार विचारला, सरकारी नोकरी म्हटल्यावर चेहरा फुलला. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. 'अहो, खोली कालच गेली,' ते म्हणाले. 'भाड्याने देणे आहे' ही पाटी पुढे दोन महिने तिथेच होती. मी मुद्दाम त्या गल्लीतून सायकल नेत असे.

आमच्या वडिलांनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि पुढे गाव सोडलं. विहीर गावातच राहिली, आडनाव बरोबर आलं. त्या विहिरीत आमच्या वस्तीतल्या पोरांना उतरू देत नसत, म्हणून वडिलांना पोहता येत नव्हतं. त्यांना येत नव्हतं म्हणून ते आम्हा भावंडांना कालव्याच्या कडेलाही उभं राहू देत नसत. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं काढली. धरणंच्या धरणं कागदावरून पुढे सरकवली, पण स्वतः घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही.

निवृत्त झालो आणि लेकीने बेत जाहीर केला. ती खराडीला आयटीत आहे; बेत तिच्या लॅपटॉपवर रंगीत रकान्यांत मांडलेला होता. पुणे ते कन्याकुमारी, आपल्या गाडीने, किनाऱ्याकिनाऱ्याने, पंधरा दिवस. तिसऱ्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं होतं: मालवण, स्नॉर्कलिंग. 'माझे गुडघे आणि तुमचा स्वभाव एका गाडीत मावायचे नाहीत,' असं म्हणून आमची सौभाग्यवती मांजरी गावातल्या आमच्या घरीच राहिली.

वाटेत मी सगळ्यांवर नजर ठेवून होतो. कोल्हापुरात चहावाल्याने 'कुठनं आलासा?' विचारलं, तेव्हा मी फक्त सुट्टे आहेत का विचारलं. घाटाखाली राहिलो त्या घरच्या बाईंनी जेवण वाढताना 'पुण्यात कुठे?' म्हणून चौकशी केली. मी आमटीत लक्ष घातलं. लेक मात्र त्यांच्याशी तासभर गप्पा मारत बसली. तिला शाळेत घातलं त्या दिवशी मीच शिकवलं होतं, नाव विचारलं की पूर्ण सांगायचं, मान वर करून. ती आजवर तसंच करत आली आहे.

मालवणात आम्ही नऊ जण होडीत होतो. दर्यावर्दी तरणाताठा, काळासावळा, बोलका. बोलका माणूस म्हटला की मला आधीच शंका. लाइफ जॅकेटचा पट्टा मी तीनदा ओढून पाहिला. चौथ्यांदा ओढला तेव्हा तो हसून म्हणाला, 'काका, तुटात तो!' मग त्याने चष्म्यासारखे मोठे मास्क वाटायला घेतले. काचेवर आतून थुंकायचं, म्हणजे ती धुरकटत नाही. आणि एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडाला लागू नये म्हणून प्रत्येक मास्कवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नाव. हातात पेन घेऊन तो माझ्यासमोर आला.

'आडनाव काय तुमचा?'

पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरी! लेक होडीच्या पुढच्या टोकाला केस बांधत होती. माझ्या शेजारी एक पुणेरी गृहस्थ टेकले होते, गोरे, टोपी घातलेले. त्यांचे कान माझ्याकडे होते, हे मला बघावं लागलं नाही.

'पुणेकर,' मी म्हणालो.

तोंडातून गेलं आणि गेलं. त्याने पट्टीवर लिहिलं. गृहस्थ लगेच वळले. 'अरे वा, पुणेकर! आम्ही शनिवारातले. आमच्याकडे एक घड्याळवाले पुणेकर होते, ते आपले कोण?'

'लांबचे,' मी म्हणालो.

त्यांनी खिशातून पुडी काढून मला आलेपाकाची वडी दिली. होडी लागत नाही म्हणे. वडी चांगली होती, आणि मला ती गोड लागली याचाच राग आला.

पाण्यात उतरलो. नळीतून श्वास घ्यायचा, नाक बंद. माणसाला जन्मापासून जे जमतं ते इथे नव्याने शिकायचं. 'तोंडान श्वास घेवा, घाबरू नकात, मिया धरलंय,' दर्यावर्दी म्हणत होता. त्याने धरलं आहे की नाही, हे मी दर अर्ध्या मिनिटाला हात मागे नेऊन तपासत होतो. मग डोकं खाली घातलं.

खाली आधी नुसतं हिरवट धूसर. मग हळूहळू प्रवाळ दिसायला लागले. काही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, काही चपटे, एकावर एक थर चढलेले. पिवळे-काळे पट्टे असलेले मासे थेट माझ्या तोंडापाशी आले. इतके मासे एकदम येतात म्हणजे काहीतरी गोम आहे, म्हणून नीट पाहिलं, तर दर्यावर्द्याच्या मुठीत पाव होता! मला बरं वाटलं. चला, एक लबाडी तरी सापडली.

पण मासे खरे होते. मी पाण्यात तोंड घालून श्वास घेत होतो आणि मरत नव्हतो. एकदम वडिलांची आठवण आली, कालव्यापासून मला दंडाला धरून ओढणारे. मला रडू फुटलं. मास्कमध्ये रडलं की पाणी आतच साचतं. त्या खारट पाण्यातून मी ते थर पाहत राहिलो. आनंद झाला होता, दुसरं काही नाही.

शिट्टी झाली. लेक आधी वर चढली. आम्ही चौघे होडीच्या पलीकडच्या अंगाला दोर धरून शिडीची वाट बघत होतो. सगळ्यांची नारिंगी जॅकेटं, सगळ्यांचे मास्क, कोण कुठला ते ओळखू येईना. दर्यावर्द्याने वही काढली. कोणीही मागे राहू नये म्हणून तो शेवटची माणसं वर घेण्याआधी हजेरी घेतो. आडनाव पुकारायचं, हात वर करायचा. वहीतली नावं फोनवरून आगाऊ दिलेली. आमची लेकीने दिलेली.

लेकीने आपल्या नावाला वरूनच हात केला, मग त्याने तेच आडनाव माझ्यासाठी पुकारलं. खरं.

माझ्या उजव्या हाताला, कोपराएवढ्या अंतरावर, शनिवारातले गृहस्थ होते. मी गप्प राहिलो.

त्याने पुन्हा पुकारलं, मोठ्याने. मग त्याचा आवाज बदलला. 'एक माणूस कमी आसा!' त्याचा साथीदार सरळ पाण्यात झेपावला. वरून लेकीचा आवाज आला, 'पप्पा?' मग 'पप्पा!' तिसऱ्यांदा तिने जी हाक मारली, तशी मी तिच्या लहानपणी तापातसुद्धा ऐकली नव्हती.

मी हात वर केला.

तिने कडेवरून वाकून पाहिलं. मी तिच्या पायाखालीच होतो. 'कानात पाणी गेलं होतं,' मी म्हणालो. दर्यावर्द्याने माझ्या मास्ककडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि मला दंडाला धरून वर घेतलं. परतताना शनिवारातले गृहस्थ माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना होडी लागली असेल. आलेपाकाची वडीही पुन्हा पुढे केली नाही, वड्या संपल्या असतील. याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

संध्याकाळी खाणावळीत लेकीने ताट आलं तरी हात लावला नाही.

'पप्पा, तुम्हाला ऐकू आलं होतं ना?'

खोटं बोलण्याचा माझा दिवसाचा वाटा संपला होता. 'हो,' मी म्हणालो.

'पहिल्याच वेळी?'

'हो.'

'मग हात का नाही वर केलात? मला वाटलं...' तिने ताट बाजूला सारलं.

'तो शेजारी होता ना,' मी म्हणालो.

'कोण?'

'तो, टोपीवाला. शनिवार पेठेतला.'

ती माझ्याकडे बघत राहिली. आठवायचा खरोखर प्रयत्न करत होती, कपाळाला आठ्या घालून. 'कोण टोपीवाला?' तिने विचारलं. सबंध दिवसात तिने त्या माणसाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, आणि त्याच्यासाठी मी माझ्या पोरीला तीन हाका मारायला लावल्या होत्या.