‘के’ दाबल्यावर

सोमवार, ९ जून, सकाळी नऊ वाजून बेचाळीस मिनिटे. कोरमंगलातल्या ऑफिसात मी कंट्रोल-ए आणि मग ‘के’ दाबले, आणि बुधवारपासून चाललेली माझी गणना डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

आम्ही स्कूटरच्या बॅटरीसाठी कूलिंग प्लेट तयार करत होतो. पातळ प्लेट पुरते, तिच्यावर बॅटरीचे तापमान पंचावन्न अंशांच्या आतच स्थिरावते, असे माझे म्हणणे. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याचा भरवसा जाड प्लेटवर. दुपारी तीनला त्यांतली एक निवडली जाणार होती; माझी निवडली गेली असती, तर पुढच्या बॅटरीचे काम माझ्याकडे आले असते. गणना जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपली असती. गणना करणारा जुना प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हर, मध्येच थांबला तर पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करावा लागतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते.

सर्व्हरवर टीमचे खाते एकच. टर्मिनलचे कप्पे पाडणाऱ्या प्रोग्रामचे शॉर्टकट त्या खात्यातल्या एका फाइलमध्ये असतात. ती फाइल मी लिहिली होती, आणि सर्वांची बोटे तिला सरावली होती. ‘के’ म्हणजे वरच्या कप्प्यात जा. गणना खालच्या कप्प्यात चालू होती. मला वर जायचे होते, इतकेच.

“रविवारी रिकामा होतो, फाइल जरा साफ केली,” वरिष्ठ म्हणाले. “‘के’ने आता कप्पा बंद होतो. ‘किल’मधला के. लक्षात राहायला सोपं.”

“बंद करण्यापूर्वी प्रोग्राम विचारतो. तो प्रश्न कुठे गेला?”

“काढला. दर वेळी कोण हो म्हणत बसणार?”

“मग निदान कळवायचं तरी!”

“अगं, फाइल सगळ्यांची आहे. उघडून बघायचीस ना सकाळी.”

फाइल सगळ्यांची, म्हणूनच तर सांगायचे असते! हे वाक्य मी तेव्हा बोलले नाही, याचा मला आजही राग येतो. यंत्रशाळेत कोणी लेथचा लिव्हर न सांगता उलटा बसवला, तर त्याला साफसफाई म्हणत नाहीत. आमच्या धंद्यात मात्र म्हणतात. वर बोटांनीच शिस्त शिकावी अशी अपेक्षा.

आमच्या व्यवस्थापिका इथल्याच, बसवनगुडीच्या. त्यांना मी बैठक पुढे ढकलण्याची विनंती केली. “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी,” जरा सांभाळून घे, असे त्या हसून कन्नडमध्ये म्हणाल्या. “पीण्या औद्योगिक वसाहतीतला वर्कशॉपवाला ऑर्डरसाठी थांबलाय.”

तीनच्या बैठकीत मी सकाळपर्यंत नोंदल्या गेलेल्या तापमानांचा अर्धा आलेख दाखवला. वक्र सपाट होऊ लागला होता, पण पूर्ण झाला नव्हता.

“अपूर्ण निकालावर प्लेट कापायची का?” वरिष्ठांनी विचारले. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या बिनतोड होता, आणि तो त्यांनी विचारावा हेच संतापजनक होते. जाड प्लेट मंजूर झाली. पुढची बॅटरीही त्यांच्याकडे गेली.

त्याच संध्याकाळी मी सर्व्हरवर स्वतंत्र खाते मागून घेतले. माझी फाइल त्यात ठेवली; ‘के’ला वर जाण्याचे काम परत दिले आणि तीच गणना पहिल्यापासून सुरू केली. “आता कशाला?” वरिष्ठांनी जाता जाता विचारले. “ऑर्डर तर गेली.”

शनिवारी गणना पूर्ण झाली. स्थिरावलेले कमाल तापमान: ५४.२ अंश.