पंखातली टाकी

अकोल्यात माझं पंपाच्या स्टार्टरचे डबे बनवण्याचं वर्कशॉप आहे. विहिरीवरची मोटर, बोअरची मोटर, लाइन आली की आपोआप चालू होणारा ‘ऑटो’, एवढंच माझं जग. एका दुपारी अमरावतीहून फिजिक्सचे एक निवृत्त सर आले. पाणी प्यायले आणि म्हणाले, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत सोडायचंय, त्याचं कंट्रोल बनवून पाहिजे.

मी वही उघडून मोटर किती एचपीची ते विचारलं. त्यांनी तळहात पुढे केला. मोटर त्यावर मावते म्हणाले. मग मी पहिली टाकी कुठे आहे ते विचारलं.

“पंखात,” सर म्हणाले.

मी वर छताकडे पाहिलं. पंखा गरगर फिरत होता.

तेव्हा सरांनी सगळं नीट सांगितलं. भातकुली रोडवर, घरामागच्या शेडमध्ये ते सहा वर्षांपासून दोन माणसांचं विमान बनवत होते. पेट्रोल दोन्ही पंखांत, पण इंजिनला ते मिळणार सीटमागच्या छोट्या टाकीतून. पंखांतलं पेट्रोल बॅटरीवरच्या पंपानं त्या टाकीत आणायचं होतं. नाही म्हणण्याइतका शहाणा मी नव्हतो.

आठ दिवसांनी मी लोखंडी डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. सरांनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. साडेचार किलो. हा डबा न्यायचा तर तेवढं पेट्रोल खाली ठेवून उडावं लागेल, असं ते फार सौम्यपणे म्हणाले. मी डबा उचलून परत आणला.

दुसऱ्यांदा प्लॅस्टिकची डबी केली. तीनशे ग्रॅम. टाकी रिकामी होत आली की आतला तरंगता गोळा पंप चालू करणार, भरली की बंद करणार. वीस वर्षं मी हेच करत आलो होतो, त्यामुळे छाती काढूनच गेलो. टाकी अजून विमानात बसवली नव्हती. ती अंगणात स्टुलावर ठेवून आम्ही पाण्यावर टेस्ट लावली आणि चहा प्यायला आत गेलो.

गोळा अडकला. पाणी वरच्या नळीतून बाहेर आलं ते थेट खाटेवर वाळत घातलेल्या मुगाच्या पापडांवर. सरांच्या मिसेस शाळेच्या हेडमास्तरीण होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पंपाची वायर काढली, आम्हा दोघांना खाटेसमोर उभं केलं आणि विचारलं, “हे पेट्रोल असतं तं?”



मग त्यांनी मला डबी कशी चालते ते दोनदा समजावून सांगायला लावलं. ऐकून म्हणाल्या, “हे मशीन आपल्या मनानं चालू होते, हेच चुकलं.” मग सरांकडे बोट करून, “अन् यायच्या भरोशावर बी ठेवू नका. हे गच्चीवरची मोटर चालू करतात अन् पेपर वाचत बसतात. बटन दाबलं तरच चालू, सोडलं का बंद, असं करा.”

सरांनी हरकत घेतली: विमान चालवताना सारखं बटण कोण दाबून धरणार? त्यांची ही गोष्ट खरी होती. वाद तासभर चालला. शेवटी ठरलं, एकदा दाबलं की पंप दोन मिनिटं चालून स्वतः थांबेल; पुन्हा पाहिजे तर पुन्हा दाबायचं. पंप चालू असताना हिरवा दिवा. कधी थांबलाच नाही तर वीज तोडायला वेगळा स्विच. आणि टाकी भरून वर आलेलं पेट्रोल नळीनं परत पंखात. ही नळी सरांनी सुचवली, तेव्हा मॅडम पहिल्यांदा हसल्या.

तिसरी डबी चालली. आधी पाण्यावर, मग टाक्या वाळवून शेडबाहेर पेट्रोलवर, चार वेळा. चारही वेळा बटण मॅडमनीच दाबलं आणि घड्याळ लावून पाहिलं. विमानाला उडायची परवानगी अजून यायची आहे. त्या कागदांसाठी सरांनी माझ्या सर्किटचं ड्रॉइंग काढलं आणि खाली माझी सही घेतली. ड्रॉइंगवर सही करण्याची ही माझी पहिलीच वेळ.

परतताना गाडीत राहवलं नाही. मूर्तिजापूरला समोर येऊन बसलेल्या माणसाला सांगितलं, मी विमानाचं काम करून येतोय.

“नागपूरच्या एअरपोर्टवर काय?” त्यानं विचारलं.

“नाही, भातकुली रोडवर.”

त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, पिशवी उचलली आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला.